दोन पॉइंटांच्या मधलं रान

माथेरानचा नकाशा टेबलावर पसरला की नजर आपोआप कडेला जाते. सगळी नावं तिथेच दाटलेली असतात. उत्तरेला पॅनोरमा, पूर्वेला गार्बट आणि अलेक्झांडर, दक्षिणेला रामबाग, चौक, वन ट्री हिल, पश्चिमेला एको, लुइझा, सनसेट. डोंगरमाथा म्हणजे सातएक चौरस किलोमीटरचं पठार आणि त्याच्या कडेनं अडतीस पॉइंट असल्याचं सांगतात. मधल्या भागात बाजारपेठ, स्टेशन, शार्लट तलाव आणि काही जुने बंगले सोडले तर फारसं काही लिहिलेलं नसतं, नुसता हिरवा रंग भरलेला असतो. एका दिवसाची भटकंती आखायला बसले की मी त्या हिरव्या रंगापासून सुरुवात करते.

दिवाळीचे पाहुणे पांगतात, पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटू लागतं आणि ताईचा फोन येतो, "यंदा कुठं?" मग कागद, पेन्सिल, नकाशा. आमच्यात कुणी कडे चढणारं नाही. ताईचा गुडघा उतारावर कुरकुरतो, भाच्याला सतत भूक लागते, मला पक्षी दिसला की थांबायचं असतं. अशा माणसांनी एका दिवसात, जास्तीत जास्त पायी, उजेड असेपर्यंत काय काय करावं, हा खरा प्रश्न. त्याचं माझ्यापाशी असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे माथेरान.

माथेरान म्हटलं की चिक्की, चपला आणि घोडे एवढंच ज्यांना आठवतं, त्यांच्याशी मी पुष्कळ वाद घातला आहे. मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध असलेल्या या डोंगरावर पर्यटकांच्या गाड्यांना मनाई आहे, त्या दस्तुरी नाक्याला थांबतात. २००३ साली हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, पण गाड्या न आणण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीची. त्यामुळे वरच्या वाटा अजून पायांच्या मापाच्या राहिल्या आहेत. इतक्या मोठ्या शहरांच्या इतक्या जवळ सावलीतून दोन-दोन तास चालता येईल अशी दुसरी जागा मला माहीत नाही. ती टिकली पाहिजे असं मनापासून वाटतं आणि ती टिकायची असेल तर तिथं नीट चालणारी माणसं जात राहिली पाहिजेत असंही वाटतं.

दस्तुरीला उतरलं की घोडेवाले विचारतात, "दहा पॉइंट करायचे की पंधरा?" त्यांचं पोट त्यावर आहे, त्यांनी विचारावंच. पण पायी जाणाऱ्यानंही तोच हिशेब मांडावा याचं मला वाईट वाटतं. दहा पॉइंट मारले म्हणजे दहा वेळा कड्यापाशी जाऊन दहा वेळा फोटो काढला. दुपारनंतर कुठल्या पॉइंटवरून काय दिसलं ते आठवत नाही, सगळ्या दऱ्या एकच होऊन जातात. माझ्या मते एका दिवसात दोन पॉइंट, फार तर तीन. दोन्ही एकमेकांपासून लांब हवेत आणि त्यांच्या मध्ये भरपूर रान हवं.

याचं कारण डोळ्यांत आहे. माथेरानच्या झाडीत शिरल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी नजर जवळचं बघायला लागते. जांभळाचे खरबरीत बुंधे, अंजनीची जाड, चकचकीत पानं, हिरडा, आंबा, मधूनच एखाद्या झाडाला विळखा घालून वर गेलेली मनगटाएवढी वेल. लाल माती, त्यावर उघडी पडलेली मुळं, उन्हाचे हलते कवडसे. सगळं हाताच्या अंतरावर. आकाश तुकड्यातुकड्यानं दिसतं. तासभर असं चालल्यावर पुढे झाडी विरळ होते, वाऱ्याचा गारवा आधी लागतो आणि एकदम जमीनच संपते. दोन हजार फूट खाली गाव, नदी, भाताची कापलेली खाचरं. तो धक्का छातीत बसतो. गाडीतून उतरून सरळ कठड्यापाशी गेलेल्या माणसालाही तेच दृश्य दिसतं, पण त्याची नजर आधी कुठं कोंडलेली नसते. दरी पूर्ण दिसायला आधी झाडं लागतात. म्हणून कुठले दोन पॉइंट हे ठरवण्याआधी मी त्यांच्या मधली वाट कोणती हे ठरवते.

मग येतो सूर्य. सगळी पत्रकं सांगतात की पूर्वेचे पॉइंट सकाळी बघा आणि पश्चिमेचे संध्याकाळी. सूर्योदय आणि सूर्यास्त बघायचा असेल तर हे बरोबरच आहे. पण मला सूर्यापेक्षा समोरचे डोंगर बघायचे असतात. सकाळी गार्बटवर उभं राहिलं तर ऊन थेट डोळ्यांत येतं, समोरची सह्याद्रीची भिंत नुसती काळी कड होऊन बसते आणि खाली उल्हास नदीच्या खोऱ्यात धुकं साचलेलं असतं. दुपार कलली की हेच सगळं पालटतं. ऊन आपल्या पाठीमागून जातं आणि समोरच्या भिंतीवर पडतं. भीमाशंकरची उंच रांग, तिच्या अलीकडे पेठच्या किल्ल्याचा सुळका, दक्षिणेकडे ढाक, राजमाची. प्रत्येक घळ, प्रत्येक कातळटप्पा वेगळा काढून दाखवल्यासारखा दिसतो. पश्चिमेचं याच्या उलट. तिकडचा प्रबळगड सकाळच्या उन्हात उजळतो आणि संध्याकाळी त्याच्या मागे सूर्य गेला की गडाची फक्त आकृती उरते.

म्हणजे पश्चिम सकाळी आणि पूर्व दुपारी. एकदा हे ठरलं की बाकीचा बेत जवळजवळ आपोआप उलगडत जातो.

सकाळी पश्चिमेकडे असायचं तर चढायचंही पश्चिमेकडूनच. पनवेलहून धोदाणी गावाला एसटी जाते. गाढी नदीच्या खोऱ्यातला हा रस्ता, एका हाताला प्रबळगड, दुसऱ्या हाताला माथेरान, मध्ये वाड्या आणि वस्त्या. धोदाणीहून जी वाट वर जाते ती सनसेट पॉइंटपाशी निघते. बेताच्या चालीनं दोन-अडीच तास. भिवपुरी रोड स्टेशनाकडून सागाची वाडी आणि गार्बटचं पठार अशी दुसरी वाट लोकांना जास्त आवडते. पावसाळ्यात ती सुंदर असते यात शंका नाही. पण हिवाळ्यात ती सगळी चढण पूर्वेच्या उन्हात, पठारावर सावलीचं नाव नाही आणि नऊ वाजताच घामाच्या धारा. धोदाणीची बाजू सकाळी डोंगराच्या स्वतःच्याच सावलीत असते. डिसेंबरात बराच वेळ अंगावर ऊन येत नाही. गार दगड, दवानं ओली पानं आणि मागे वळून पाहिलं की प्रबळगडावर ऊन चढत असतं. शिवाजी महाराजांना १६६५च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले द्यावे लागले त्यांत हा गड मुरंजन या नावानं होता. त्याच्या उत्तरेच्या खाचेपलीकडे कलावंतिणीचा सुळका. चढताना दम खायला थांबायचं तर तोंड त्यांच्याकडे करून थांबायचं, म्हणजे थांबणंही वाया जात नाही.

ही वाट सापडणं अवघड नाही, पण खालच्या टप्प्यात गुरांच्या वाटा फुटतात आणि तिथं घोटाळा होऊ शकतो. मागे एकदा वाडीतल्या एका मामांना मी विचारलं होतं. त्यांनी खाली वाकून वाटेतल्या दगडावरून हात फिरवला. "ताई, ह्यो बघा. माणसाच्या पायानं दगड गुळगुळीत व्हतो. गुराच्या वाटंला माती उकरल्याली असती आणि ती आडवी जाती. आपल्याला वर जायचं ना, मग आडवं कशापायी जायचं?" तेव्हापासून फाटा आला की मी दगड बघते. खरोखरच माणसांच्या वाटेवरच्या दगडांना मधोमध एक बारीक चकाकी असते, पावसानं आलेली नव्हे, पावलांनी आलेली. पायऱ्या म्हणून बसवलेले दगड तर कडेला खडबडीत आणि मध्ये तुळतुळीत असतात.

ती पावलं कुणाची हेही बेतात धरायला हवं. आसपासच्या वाड्यांवर ठाकूर आणि कातकरी समाजाची वस्ती आहे. वर हॉटेलं आहेत, हॉटेलांना दूध, भाजी, माणसं लागतात. ही माणसं सकाळी या वाटेनं वर जातात आणि कामं उरकून उतरतात. आपण ज्या चढणीची महिनाभर चर्चा करतो ती त्यांची कामावर जायची वाट आहे. डोक्यावर ओझं घेतलेली बाई मागून आली की आधीच बाजूला व्हायचं, तेही डोंगराच्या अंगाला, दरीच्या अंगाला नव्हे. तिला वाट विचारायची असेल तर ती ओझं टेकवून बसली असताना विचारायची. वाडीत कुणी काकड्या किंवा पेरू घेऊन बसलं असेल तर तिथूनच घ्यायचे, मग घरून आणायचं ओझंही तेवढं कमी. एसटीतून उतरल्यावरची दहा मिनिटं मी यासाठी कायम मोकळी ठेवते.

माथेरानचा इतिहास सांगताना ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टरचं नाव पहिलं घेतात. मे १८५०मध्ये चौक गावी त्याचा मुक्काम होता. तिथून तो वन ट्री हिलच्या बाजूनं वर चढला आणि रामबागच्या बाजूनं उतरला. वर त्याला झाडी आणि पाणी मिळालं आणि पुढे हे थंड हवेचं ठिकाण झालं. या गोष्टीत मला आवडणारा भाग वेगळा आहे. त्यानंही एका बाजूनं चढून दुसऱ्या बाजूनं उतरायचा बेत केला आणि तो तडीला नेला तो खालच्या गावातल्या माणसाला बरोबर घेऊन. डोंगर माहीत असलेली माणसं आधीपासून तिथं होतीच. धनगर, ठाकूर, कातकरी त्या रानात वावरत होते. पॉइंटांना नावं नंतर पडली, पायवाटा आधीच्या.

सनसेट पॉइंटवर सकाळी दहाला पोचावं. त्या वेळी तिथं कुणीही नसतं. ऊन मऊ असतं, प्रबळगड समोर लख्ख असतो. पण इथं एक गोष्ट भाच्याला दर वर्षी बजावावी लागते. माथेरानच्या माथ्यावर जांभ्या दगडाची टोपी आहे आणि जांभा कडेला झिजून ठिसूळ होतो. त्यावर बारीक लाल खडी पसरलेली असते, वाळलेलं गवत असतं, दोन्हींवरून पाय सटकतो. सगळ्या पॉइंटांना कठडे नाहीत. कड्यापासून आपल्या उंचीएवढं अंतर राखून, बसून बघायचं, फोटो काढताना मागे सरकायचं नाही. दरी बसूनही तेवढीच दिसते.

याच जांभ्यामुळे वर रान आहे, हे सांगितलं की भाचा चकित होतो. जांभा सच्छिद्र असतो. चार महिन्यांचा पाऊस तो मुरवून घेतो आणि त्याच्या खालच्या काळ्या कातळाशी पाणी अडलं की ते कडेनं झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. मॅलेट, हॅरिसन अशी नावं दिलेले झरे त्यातलेच. पाऊस संपून महिने लोटले तरी झाडी हिरवी राहते ती या मुरलेल्या ओलाव्यावर.

सनसेटहून मग रानात. इथं बेत सगळ्यात सैल ठेवायचा, कारण रान वेळापत्रक मानत नाही. हिवाळ्यात वेगवेगळ्या जातींचे लहान पक्षी टोळी करून झाडोऱ्यातून चरत जातात. पाच-सात मिनिटं सगळं शांत असतं आणि एकदम डोक्यावर गडबड सुरू होते. शेंड्यात निखाराचा लालभडक नर, खालच्या फांदीवर शेपटीचा पंखा उघडमिट करणारा नाचण, बुंध्यावर डोकं खाली करून उतरणारी निळसर शिलींध्री आणि या सगळ्यांनी उडवलेले किडे टिपायला टपलेला कोतवाल. टोळी आपल्या अंगावरून जाते. तिच्यामागे धावलं तर काहीच दिसत नाही, खोडाला टेकून उभं राहिलं तर सगळं दिसतं. मग पुन्हा शांतता. अशी एक टोळी भेटली तर पंधरा मिनिटं गेली, दोन भेटल्या तर अर्धा तास. नकाशावर पाऊण तासाची वाट असेल तर मी कागदावर दीड तास लिहिते. ताई त्याला "पाखरांचा वाटा" म्हणते आणि त्यातली पाच मिनिटंही कुणाला देत नाही.

जेवण शार्लट तलावाच्या बाजूला, पिसरनाथाचं दर्शन घेऊन. पिसरनाथ हे माथेरानचं ग्रामदैवत. तलावाचं पाणी गावाला प्यायला जातं, तेव्हा हात धुवायला बाटलीतलं पाणी वापरायचं. डबा माकडांच्या हिशेबानं बांधायचा. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज आला की ती येतातच. आमच्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात गुंडाळलेली असते, सोबत गुळाचा खडा, लिंबू आणि मीठ. गुंडाळी मांडीवर, पिशवी पाठीशी, आणि माकडाला एक तुकडाही द्यायचा नाही. माणसाच्या हातचं खायची सवय लागलेलं माकड पुढच्या माणसाला चावतं आणि रानातली फळं खाणंही विसरतं. पाणी माणशी तीन लिटर खालूनच घ्यायचं. वर विकत मिळतं, पण त्याच्या रिकाम्या बाटल्या कुणीतरी खाली न्याव्या लागतात, आणि त्या नेहमी नेल्या जातातच असं नाही. आमच्या सॅकमध्ये एक जादा पिशवी असते, वाटेत दिसलेल्या बाटल्या भाचा तीत भरतो.

दुपारी बाजार ओलांडून पूर्वेला जायचं. इथं थांबायचा मोह होतो. चहा, वडापाव, छोट्या गाडीची शिटी. आदमजी पीरभॉय घराण्यानं बांधलेली ही दोन फुटी रुळांची गाडी १९०७पासून नेरळहून वर येते. तिच्या रुळांच्या बाजूनं थोडं चालायला मलाही आवडतं. पण चहा एकच. अलेक्झांडर पॉइंटला थोडा वेळ, तिथून खाली गार्बटचं पठार ऊन खात पसरलेलं दिसतं, आणि मग दस्तुरीच्या दिशेनं जाताना गार्बट पॉइंट. तिथून दस्तुरी पाऊण-एक तास. दस्तुरीहून नेरळला शेअर टॅक्सी. ताईचा गुडघा चढणीवर तक्रार करत नाही, उतारावर करतो, म्हणून चढायचं पायी आणि उतरायचं टॅक्सीनं. कुणाला ही ट्रेकची फसवणूक वाटत असेल तर वाटू दे. बेत सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाच्या पायांवर बेतलेला असावा, याबाबत माझ्याशी वाद घालून उपयोग नाही.

यंदा ताईनं नेमकं टॅक्सीलाच धरलं. "उतरायचं गाडीतूनच, तर मग सूर्यास्त का सोडायचा? पश्चिम शेवटी ठेव."

तिला दोन गोष्टी सांगाव्या लागल्या. एक म्हणजे रानातला अंधार आकाशातल्या अंधाराच्या बराच आधी पडतो. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, पण झाडीखाली साडेपाचलाच मुळं आणि दगड वेगळे दिसेनासे होतात. सनसेटहून दस्तुरी म्हणजे सगळा डोंगर आडवा कापायचा, तोही त्या अंधारात आणि दिवसभर चाललेल्या पायांनी. पाय मुरगळतात ते अशाच वेळी. आणि दुसरं, पश्चिमेला सूर्य बुडताना पूर्वेला काय होतं ते तिनं अजून पाहिलेलं नाही. माथेरानची स्वतःची सावली गार्बटच्या खालून निघते, पठार गिळते, उल्हासच्या खोऱ्यात उतरते, शेतं, वस्त्या, रेल्वेचे रूळ एकेक करून झाकत पुढे सरकते. पलीकडची भिंत तेव्हाही तांबूस उन्हात असते. मग सावली तिच्या पायथ्याला लागते आणि वर चढू लागते.

फोनवर ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ती सावली पायथ्याला लागेपर्यंत तरी थांबायचं. भिंतीवर चढायला लागली की निघू."

हे मला मान्य आहे. पायथ्याला लागेपर्यंत थांबायचं तर गार्बट साडेचारला सोडायचा बेत जवळजवळ सूर्यास्तापर्यंत लांबतो आणि दस्तुरी गाठेपर्यंत अंधार पडतो. शेवटचा टप्पा रुंद, वर्दळीच्या वाटेचा आहे, म्हणून चालेल. कागदावर तसं लिहिलं आहे. विजेरी प्रत्येकाच्या सॅकमध्ये स्वतंत्र, आत नवे सेल. अलेक्झांडर पॉइंट वगळला. पाखरांचा वाटा होता तेवढाच ठेवला. बेताची एक नक्कल घरी वहिनीकडे, तीवर दस्तुरीला पोचायची वेळ आणि रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर कुणाला विचारायचं ते. एसटीची पहिली गाडी अजून त्याच वेळेला सुटते का, ते पनवेलच्या स्थानकावर विचारून यायचं काम भाच्यानं घेतलं आहे.